बिस्किटांच्या डब्यातली प्रत

टोटो सेय सहा वर्षं निघायच्या तयारीत होता. बॅग भरलेली, जाड बुटांची जोडी घेतलेली, कापसाने फुगलेला एक कोटही आणून ठेवलेला. तो कोट त्याने एकदा इस्पितळाच्या व्हरांड्यात घालून दाखवला, तेव्हा आम्ही हसून बेजार झालो आणि तो घामाने. आमच्या बेटावर तो घालून कोणी रस्त्याने फिरलं असतं तर कोंबड्यासुद्धा बिचकल्या असत्या. दर उन्हाळ्यात तो कोट दोरीवर टाकायचा, झटकायचा आणि परत बॅगेत ठेवायचा. जात मात्र नव्हता.

त्याचं खरं नाव एलिसेओ गाबासा, सेय हे त्याचंच छोटं रूप. सगळे त्याला टोटो म्हणायचे, घरातल्या धाकट्या पोराला म्हणतात तसं, आणि तो मला नांग पुरिंग म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. इस्पितळाचे कागद मी चौतीस वर्षं सांभाळते आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या जिभेला कोणी लगाम घातला नाही, आणि आता एकोणसाठाव्या वर्षी तो कोणी घालेल असं वाटत नाही. म्हणून टोटोची गोष्ट मीच सांगायला हवी. बाकीचे सगळे डॉक्टोरांना, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंना, भितात.

इस्पितळ डॉक्टोरा मोंतियांचं. वीस खाटा, एक एक्स-रे यंत्र, आणि इलोइलोला जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यापासून चालत दहा मिनिटं. टोटोचा जन्म इथलाच. त्या दिवशी वादळाची खबर होती, दिवसभरात एकच बोट सुटणार होती, आणि डॉक्टोरांना तीच गाठायची होती. अमेरिकेत शिकायला जायची त्यांची मुलाखत होती मनिलात. बोट भोंगा वाजवत होती आणि इकडे टोटोची आई अडली. पोर पायाळू. डॉक्टोरांनी बॅग खाली ठेवली. मायलेक वाचले, बोट गेली, आणि ती मुलाखत त्यांना परत कधी मिळाली नाही. मी तेव्हा नवीन होते. कंदील मीच धरला होता.

पुढे त्यांनीच टोटोला शिकवलं, त्याच्या लग्नात त्याच धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या. हे सगळं टोटोला तोंडपाठ होतं, कारण त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला केक कापायच्या आधी डॉक्टोरा ते पहिल्यापासून सांगायच्या. आमच्याकडे असले उपकार कोणी फेडत नाही. ते जन्मभर वागवायचे असतात.

अकरा वर्षांपूर्वी माझे कागद वाळवीने खायला घेतले तेव्हा डॉक्टोरांनी टोटोला इलोइलोहून परत बोलावलं. चादरी ठेवायची खोली त्याला दिली. तिथे त्याने पहिलं यंत्र बसवलं, दोन डिस्कचं. एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. मला वाटलं, झालं, एक मेली तर दुसरी आहे. मग आमच्या एका कारकुनाने एका दुपारी अख्ख्या फेब्रुवारीचे एक्स-रे पुसून टाकले, आणि ते दोन्हीकडून गेले. डॉक्टोरा टोटोवर कडाडल्या. तो मान खाली घालून उभा राहिला. नंतर मला म्हणाला, "नांग, दुसरी डिस्क म्हणजे आरसा. तुमच्या केसांना आग लागली तर आरशातल्या बाईच्या केसांनाही लागणार. आरसा काही तुमची जुनी वेणी सांभाळून ठेवत नाही."

"मग वेणी कुठे ठेवायची?" मी विचारलं.

"तुमच्या घरी," तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्या शनिवारपासून त्याने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. आत फडक्यात गुंडाळलेली डिस्क, आणि दमटपणा शोषायला मूठभर कच्चा तांदूळ. अशा दोन डिस्क होत्या. एक इस्पितळात असली की दुसरी माझ्याकडे, दर शनिवारी अदलाबदल. त्याचा नियमच होता: सगळ्याच्या तीन प्रती, आणि त्यातली एक दुसऱ्या छपराखाली. एका आगीत, एका पुरात, एका चोराच्या हाती तिन्ही सापडू नयेत. माझ्या घरी बाळ येशूची मूर्ती आहे, तिच्या पायाशी मी डबा ठेवायची. शेजारणीला वाटायचं मी नवसाची बिस्किटं ठेवते.

आणि दर तीन महिन्यांनी तो डब्यातल्या डिस्कवरून काहीतरी परत आणून बघायचा. कोणाचा तरी मोडका हात, कोणाचं तरी फुप्फुस. "परत आणून बघितली नाही तोवर ती प्रत आहे असं म्हणायचं नाही," असं तो मला बजावायचा. डिस्क विकत घेतानाही एका दुकानातून, एका दिवशी दोन कधी आणल्या नाहीत. एका घाण्यातून निघालेल्या डिस्क एकाच आठवड्यात मरतात म्हणे. म्हणून एक मार्चमध्ये आणायचा, एक जूनमध्ये, दोन्ही वेगवेगळ्या गल्लीतून. मी म्हणायची, "टोटो, बायको शोधताना एवढी चौकशी केली होतीस का?" तो हसायचा.

बायको रिझलिन. नर्स, कामाला वाघीण. सहा वर्षांपूर्वी ती कॅनडाला विनिपेगमध्ये गेली आणि तिथून तिने याचे कागद धाडले. टोटो डॉक्टोरांकडे गेला.

"मी तुला थांबवत नाही, टोटो," डॉक्टोरा म्हणाल्या. "माझ्या हातांनी तुला या जगात ओढून आणलंय, मी कशी थांबवीन? फक्त तुझ्या जागी कोणी तयार कर. मग खुशाल जा."

त्याने जोव्हर्टला तयार केलं. वर्षभर शिकवलं, डिस्कचा आवाज ऐकून आजार ओळखण्यापर्यंत. जोव्हर्ट सिंगापूरला गेला. मग चेरी-लू. ती आठ महिन्यांत दुबईला गेली, जाताना रडली आणि सगळ्यांना शेवया खाऊ घालून गेली. मग आर्नेल. त्याला एका प्रवासी जहाजावर नोकरी लागली. टोटोकडे शिकलेला माणूस म्हटलं की बाहेर त्याला लगेच घ्यायचे. सगळ्यांना बाहेर जायचं होतं, आणि सगळ्यांसाठी वाट टोटोच करून देत होता.

"बघ," प्रत्येक वेळी डॉक्टोरा म्हणायच्या, "तूच एक मला सोडून जात नाहीस." आणि त्याच्या गालावरून हात फिरवायच्या. मला तो हात बघवत नसे.

पहिल्या खेपेचे कागद मुदत उलटून वाया गेले. पोरगा केल पाच वर्षांचा झाला तेव्हा रिझलिन येऊन त्याला घेऊन गेली. धक्क्यावर ती टोटोशी बोलली नाही. बोट सुटल्यावर तो परत इस्पितळात आला आणि चादरींच्या खोलीत जाऊन बसला. मी आत डोकावले तर तो नुसता डिस्कचे हिरवे दिवे बघत होता. मला म्हणाला, "नांग, या खोलीतल्या सगळ्याच्या तीन प्रती आहेत. माझी एकच आहे."

मला तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले नाही. खरं सांगते, मलाही तो जायला नको होता. तो होता तोवर मला कधी कुठला कागद हरवायची भीती नव्हती. त्याच्या बेडीची किल्ली डॉक्टोरांकडे होती असं मी लोकांना सांगायची, पण बेडी लखलखीत ठेवायचं काम माझ्याकडेही होतं.

यंदा दुसऱ्या खेपेचे कागद आले. ते शेवटचे. आरोग्य तपासणीची मुदत वीस मार्चपर्यंत, त्याच्या आत त्या देशात पाऊल पडलं पाहिजे. रिझलिनने फोनवर चारच शब्द सांगितले: "आलास तर आलास, टोटो." सतरा मार्चच्या सोमवारची तिकिटं काढली. अकराची बोट, संध्याकाळी मनिलाचं विमान.

या वेळी त्याने माणूस शोधला नाही. वही लिहिली. शाळेतल्या पोरांची असते तशी, मुखपृष्ठावर ससा. एकेक पान लिहायचा आणि माझ्यापुढे ठेवायचा. "तुम्हाला कळलं तर कोणालाही कळेल," म्हणायचा.

"म्हणजे मी मठ्ठ?"

"म्हणजे तुम्ही प्रश्न विचारता, नांग. बाकीचे मान हलवतात."

शिवाय आपल्या मागे काही खोळंबा नको म्हणून फेब्रुवारीत त्याने चार डिस्क मावणारी नवी पेटी आणली आणि आधीपासून एकेक करून जमवलेल्या डिस्क तिच्यात घातल्या. चारपैकी एक मेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं आठवून सांगतात, आणि नवी डिस्क घातली की तिच्यावर ते लिहून काढतात. दोन मेल्या तर मात्र संपलं. जुनी दोन डिस्कची पेटी त्याने टाकली नाही. तिच्यात मोठ्या डिस्क घालून ती कपाटात ठेवली आणि वहीत तिचं एकतिसावं पान लिहिलं.

आता चूक कुठे झाली ते ऐका. नवं घर असो, नवी रिक्षा असो, आशीर्वादाशिवाय आमच्याकडे कशाला हात लागत नाही. डॉक्टोरांनी फादरना बोलावलं. टोटोने पेटी बंद ठेवून समोर मेणबत्ती लावली होती. डॉक्टोरा म्हणाल्या, "झाकण काढ. आशीर्वाद आत पोचायला हवा." टोटोने माझ्याकडे पाहिलं. मी फादरांकडे पाहिलं. फादर जुन्या वळणाचे, मीठ घालून मंतरलेलं पाणी वापरणारे, आणि हात सढळ. टोटोने झाकण काढलं. पाण्याचे तीन फटकारे आत गेले. डिस्क बंद होत्या हेच नशीब. फादर जेवायला गेल्यावर मी म्हटलं, "पूस की."

"पवित्र पाणी कसं पुसायचं, नांग?" तो म्हणाला. "आपोआप सुकू दे."

मीही पुसलं नाही. मी रोज प्रार्थनेला जाणारी बाई, माझाही हात पुढे झाला नाही. दोन दिवस पंखा लावून त्याने ती सुकवली आणि मग चालू केली. वेगवेगळ्या गल्ल्यांतून, वेगवेगळ्या महिन्यांत आणलेल्या डिस्क, की सगळ्या एकदम मरू नयेत. आणि आम्ही त्यांच्या माथ्यावर एकाच सकाळी मीठ शिंपडलं.

शनिवारी, पंधरा तारखेला, पहिला लाल दिवा लागला. टोटोने आधी सगळ्याची ताजी प्रत डब्यातल्या डिस्कवर उतरवून माझ्या हातात दिली. हे वहीत पहिल्याच पानावर आहे: दुरुस्तीला हात लावायच्या आधी प्रत. मग डिस्क बाहेर काढली. टोकाच्या पितळी पट्ट्यांवर हिरवी बुरशी चढावी तसं काहीतरी होतं. शेजारच्या डिस्कवरही तेच. ती त्याने स्पिरिटने पुसून परत लावली, इलोइलोला जाऊन एक नवी आणली आणि रविवारी दुपारी बसवली. लिहून काढायला सोमवार दुपार होणार होती. "दुसरी तेवढं टिकली म्हणजे झालं," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी साडेसातला तो निरोप घ्यायला आला. पाठीवर बॅग, हातात तो कोट. खोलीत शिरला आणि बाहेरच येईना. मी आत गेले तर दोन लाल दिवे, आणि तो स्टुलावर बसलेला. बॅगसुद्धा उतरवली नव्हती.

"गेलं," तो म्हणाला. "अकरा वर्षांचं."

"डब्यात आहे ना?"

"आहे. पण ते परत भरायला तीस तास लागतात, नांग. मी कसा जाऊ?"

तेवढ्यात डॉक्टोरा आल्या. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. दिव्यांकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं. चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या.

"मी तुला थांबवत नाही, टोटो. देव बघतोय, मी तुला कधी थांबवलं? तू जा. त्या दिवशी मीही म्हणू शकले असते, माझी बोट सुटतेय. नाही म्हटलं. प्रत्येकाचं मन सारखं नसतं."

टोटोने खांद्यावरून बॅगेचा एक पट्टा काढला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चौतीस वर्षांत मी डॉक्टोरांना उलटून बोलले नव्हते. "डॉक्टोरा," मी म्हटलं, "कंदील मी धरला होता. तुम्ही बॅग खाली ठेवलीत ती तुमच्या मनाने. त्या पोराला अजून श्वाससुद्धा आला नव्हता. त्याने तुम्हाला थांबा म्हटलं नव्हतं. तेहेतीस वर्षं तुम्ही त्याच्याकडून ती बोट वसूल करताय."

डॉक्टोरांचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली, पण बोललेलं मी परत घेतलं नाही.

"टोटो, कुठलं पान?"

"एकतीस. पण नांग, तुम्हाला..."

"स्टुलावरून ऊठ."

मी रिक्षा करून घरी गेले. घाईत मेणबत्ती पाडली, बाळ येशूची माफी मागितली, डबा उचलला. परत आले तेव्हा सव्वानऊ. टोटो कपाटातली जुनी पेटी काढून ठेवत होता. मी त्याच्या हातातून ती घेतली. "तू भिंतीला पाठ लावून उभा राहा. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. तू सांगितलंस तर ते तू केलंस. मला बघायचंय वहीने होतं का."

मी दोन बोटांनी टाइप करते. वहीत लिहिलं होतं: तारेचं निळं टोक मागच्या डावीकडच्या भोकात. घातलं. हिरवा दिवा येईपर्यंत थांबा, घाबरू नका. थांबले, घाबरले. मग कुठून कुठे उतरवायचं ते निवडायचं होतं. तिथे वहीत लाल शाईने लिहिलेलं: उलटं निवडलंत तर रिकामी पेटी भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि डबाही रिकामा होईल. तीनदा वाचा. मी तीनदा वाचलं. मागे टोटोच्या श्वासाचा आवाज येत होता. एकदा त्याचा हात पुढे आला, मी न बघता त्यावर चापट मारली. मग बटण दाबलं.

पडद्यावर एक बारीक निळी पट्टी सरकायला लागली. उरलेला वेळ: एकोणतीस तास.

"बरोबर?" मी विचारलं.

त्याने मान हलवली.

"आता या एकोणतीस तासांत काही करायचं असतं का?"

"नाही. नुसती वाट बघायची."

"ती मला येते. दहा वाजून दहा झालेत. नीघ."

तो डॉक्टोरांकडे गेला. त्या दारातच उभ्या होत्या. वाकून त्याने त्यांचा हात उचलून कपाळाला लावला. त्यांनी हात ओढून घेतला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही, भिंतीकडे पाहत राहिल्या. मग माझा हात त्याने कपाळाला लावला. कपाळ ओलं होतं. अकराला धक्क्यावरून भोंगा ऐकू आला. डॉक्टोरांनी डोळे मिटले आणि भोंगा थांबेपर्यंत मिटूनच ठेवले. त्यांच्या कानात कुठली बोट वाजत होती ते मला कळलं.

मंगळवारी दुपारी पट्टी भरली. परत आणून बघितल्याशिवाय ती प्रत नाही, म्हणून मी एक नाव शोधलं. केल गाबासा, वय चार, डावा हात. पेरूच्या झाडावरून पडला होता. एवढंसं हाड, मधोमध बारीक रेघ. आलं. मी तिथेच बसून रडले. चार दिवसांनी टोटोचा निरोप आला: "वजा अठरा. कोट पुरत नाही. केल आधी लाजला, मग रात्रभर माझा कान धरून झोपला."

आता माझं सांगते. जूनमध्ये मला साठ पूर्ण होतात. माझी बहीण दितास बाकोलोदला एकटी असते, तिने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. खिडकीला पडदे लावले का, ते कोणत्या रंगाचे, हे ती फोनवर सांगत असते. निवृत्तीचं पत्र मी जानेवारीतच लिहून खणात ठेवलं होतं. परवा ते घेऊन डॉक्टोरांकडे गेले. त्या आता थकल्या आहेत, माझ्याशी पहिल्यापेक्षा हळुवार बोलतात. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्याच हातात परत ठेवलं.

"वही तुझ्याशिवाय कोणाला वाचता येते, पुरिंग?" त्या म्हणाल्या. मग उठून माझ्या गालावरून हात फिरवला. "मी तुला थांबवत नाही."

आज शनिवार. तांदूळ बदलला, डिस्क फडक्यात गुंडाळली, डबा घेऊन घरी आले. दितासचा फोन आला होता, पडदे पिवळे लावलेत म्हणाली. जूनला येतेस ना, तिने विचारलं. मी म्हटलं, बघू.